सही करून घेतलेली बावीस पोरं

आमच्या भगिनी मंडळाचे किस्से मी कुठे लिहून ठेवलेले नव्हते. तशी गरजच पडली नाही. आम्ही तिघीचौघी जमलो की चहाला उकळी फुटायच्या आत एखादा निघतोच. एकीने नुसतं "त्या मासळीवाल्याचं आठवतंय का?" म्हणायचा अवकाश, दुसरी म्हणते, "थांब, तुला नीट सांगता येत नाही, मी सांगते!" आणि तिसरी दोघींच्या चुका काढत बसते. त्यामुळे एकेका किश्श्याच्या तीन-तीन आवृत्त्या झाल्या आहेत. ही माझी. बाकीच्यांनी आपापली लिहावी, मी अडवलेलं नाही!

साल एकाहत्तर, मुक्काम कलकत्ता. सीमेपलीकडून माणसांचे लोंढे येत होते आणि छावण्यांमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली होती. आमच्या मंडळाची जागा सियालदहजवळ होती. एक हॉल, मागे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि फाटकाच्या आत जेमतेम अंगण. तिथे आम्ही काय करायचो? हळदीकुंकू, कोजागिरी आणि दोन कपाटांचं वाचनालय.

अध्यक्ष मालतीबाई दाते. कलकत्त्यातच जन्मलेल्या, तिथल्याच शाळेत शिकवणाऱ्या, त्यामुळे मराठी बोलता बोलता "चहा खाणार का?" असं बंगाली वळणाने विचारायच्या. चिटणीस वत्सलाबाई पेंडसे. मूळच्या पुण्याच्या, यजमान बँकेत, सोवळंओवळं कडक. आणि मी, रेल्वेवाल्याची बायको. गार्डन रीचच्या क्वार्टरमधून बस पकडायची, एस्प्लनेडला ट्राम बदलायची आणि घामाघूम होऊन मंडळात पोचायचं. माझ्याकडे पद कुठलंच नव्हतं, म्हणून सगळी कामं माझ्याकडे!

*

एक दिवस मदतकार्याच्या कचेरीतून मालतीबाईंना फोन आला. छावणीत औषध फवारायचं आहे, तोवर थोडी लहान मुलं तुमच्याकडे ठेवता येतील का? मालतीबाई म्हणाल्या, "पाठवा की!" फवारणीला वेळ तो कितीसा लागणार? दुपारपर्यंत फार तर. आम्ही हौसेने पोहे केले.

ट्रकमधून बावीस मुलं उतरली. सगळ्यात मोठं दहा वर्षांचं, धाकटं तीन-चारचं. एकाच्याही तोंडून शब्द नाही. रडतही नव्हती. मला ते बघवेना, म्हणून मी उगीचच पोह्यांवर दुसऱ्यांदा कोथिंबीर घातली.

ड्रायव्हरने छापील पावती पुढे केली. ती मुळात तांदळाच्या पोत्यांची पावती होती. 'नग : बावीस. माल सुस्थितीत मिळाला.' वत्सलाबाईंनी मुलं दोनदा मोजली आणि खाली ठसठशीत सही केली. कागद म्हटला की त्यांना सही केल्याशिवाय राहवत नसे.

मग त्यांनी विचारलं, "परत न्यायला किती वाजता येणार?"

ड्रायव्हर म्हणाला, "दिदी, मला फक्त पोचवायचा हुकूम आहे."

मालतीबाईंनी कचेरीत फोन लावला. तेव्हा कळलं की या मुलांना परत नेऊन द्यायला कुणी नव्हतंच. कुणाची माणसं वाटेत हरवलेली, कुणाची कॉलऱ्याने नेलेली, कुणाची कुठल्या हॉस्पिटलात आहेत याचा पत्ता नाही. छावणीत ठेवली तर साथीत जातील. नातेवाईक सापडेपर्यंत सांभाळा!

मालतीबाईंनी फोन खाली ठेवला. आमच्याकडे बघितलं. म्हणाल्या, "वत्सलाबाई, पोहे पुरणार नाहीत."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो असा.

*

त्या बाविसांत एक पारुल होती. वय वर्षं नऊ. बरोबर तिचा धाकटा भाऊ बच्चू, चार वर्षांचा. सीमेवरच्या रांगेत त्यांच्या आईला कॉलऱ्याने गाठलं आणि गाडीत घालून कुठेतरी नेलं. जाताना आई पारुलला एवढंच म्हणाली, "भावाला सोडू नकोस."

पारुलने सोडलं नाही. म्हणजे अक्षरशः सोडलं नाही! जेवताना डाव्या हातात बच्चूचं मनगट. झोपताना मनगट. बच्चू मोरीत गेला तरी दार अर्धं उघडं आणि फटीतून मनगट. "आई येणार आहे," असं ती रोज सकाळी आम्हाला सांगायची, जसं काही आम्हीच विसरभोळ्या. आम्ही मान डोलवायचो आणि एकमेकींकडे बघायचं टाळायचो.

तेव्हापासून आम्हा तिघींना एकच घोर लागला. साथ सरेपर्यंत बावीसच्या बावीस धडधाकट राहिली पाहिजेत, आणि या दोघांची ताटातूट होता कामा नये.

*

पहिले तीन दिवस आम्ही वरणभात, तूप, लिंबू असं साग्रसंगीत वाढलं. मुलं ताटाकडे बघायची आणि आमच्याकडे बघायची. चौथ्या दिवशी दोघांची पोटं बिघडली आणि डॉक्टर घोषाल आले. निवृत्त गृहस्थ, काखेत छत्री, जिभेवर तिखट. फी विचारली की चिडायचे. मुलांना तपासून त्यांनी चिठ्ठी लिहिली. मालतीबाईंनी ती वाचली आणि हळूच वत्सलाबाईंपासून लपवायला गेल्या.

"काय लिहिलंय?"

"शिंगी माशाचा पातळ रस्सा. कच्चं केळं घालून."

आपल्याकडे आजाऱ्याला मऊ भात आणि मेतकूट, तसा बंगालात शिंगीचा रस्सा. औषधाइतकाच हुकमी. वत्सलाबाईंचा चेहरा पांढरा पडला. "डॉक्टर, याच्याऐवजी दुसरं काही नाही का?"

"आहे ना," डॉक्टर म्हणाले, "पण ते मुलं थुंकतात."

त्यात शिंगी जिवंतच आणावी लागते. मालतीबाई शाळेत, मी दोन आजाऱ्यांपाशी बसलेली. राहिल्या कोण? वत्सलाबाई नाकाला पदर लावून बाजारात गेल्या आणि पाण्याने भरलेली बादली हातभर लांब धरून परत आल्या. बादलीत काळ्या शिंग्या वळवळत होत्या. त्या ठेवायला मोठं भांडं एकच, कोजागिरीचं दूध आटवायचं पातेलं! वत्सलाबाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "घाला. ते पातेलं मेलं असं समजा."

रस्सा डॉक्टरांनी त्यासाठी पाठवलेल्या बंगाली स्वयंपाक्याने केला. पोटं बिघडलेल्या दोघांनी ताट चाटून पुसून स्वच्छ केलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शब्द फुटला, "आणखी!" दाराआड उभ्या असलेल्या वत्सलाबाईंनी तो ऐकला. तेव्हापासून बाजार त्यांच्याकडे.

महिन्याभरात बाई अशा तयार झाल्या की बघत राहावं. "ही सुस्त आहे, ती काढ! ती नको, कोपऱ्यातली!" मोडक्या बंगालीत मासळीवाल्याचे हाल करायच्या. एकदा मी बरोबर होते. मासळीवाला हात जोडून म्हणाला, "दिदी, एवढी पारख आमच्या लोकांनासुद्धा नाही. गाव कुठलं तुमचं?"

"पुणं."

"तिकडे मासा फार चांगला मिळत असणार!"

वत्सलाबाई म्हणाल्या, "मला काय माहीत? मी जन्मात कधी खाल्लेला नाही!"

*

पाणी उकळूनच प्यायचं, हा मंडळातला पहिला नियम. मुलांना तो पटेना. नळाचं गार पाणी समोर दिसत असताना कोमट कोण पिणार? मालतीबाई पडल्या शिक्षिका. त्यांनी शाळेतून सूक्ष्मदर्शक आणला, डबक्यातल्या पाण्याचा थेंब ठेवला आणि एकेकाला बोलावून दाखवलं. हे बघा, केवढे जंतू! हे पोटात गेले की आजार. आणि उकळलं की सगळे मरतात!

मुलं गप्प झाली. मालतीबाई खूश. धडा जमला!

तेवढ्यात सात वर्षांच्या रतनने शंका काढली, "पण मासी, उकळल्यावर ते जातात कुठे?"

"जातात कुठे म्हणजे? मरतात."

"म्हणजे मेलेले आत राहतात. आणि ते आम्ही पितो?"

मुलांनी तोंडं वाकडी केली, पण पुढे निमूटपणे पाणी प्यायली. दोन दिवस पाणी गेलं नाही ते वत्सलाबाईंच्या घशाखाली!

*

आता आमच्या ह्यांचा किस्सा. तो सांगू नकोस असं मला घरून बजावलेलं आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

कॉलऱ्याची लस टोचायला डॉक्टर घोषाल येणार होते. मुलांनी सुई बघितली आणि अशी धूम ठोकली की कुणी कपाटामागे, कुणी टेबलाखाली. पारुल तर बच्चूला घेऊन पुस्तकांच्या रॅकवर चढून बसली. त्या दिवशी हे रजेवर होते. उंची सहा फूट, आवाज खणखणीत, ऑफिसात दरारा. म्हणाले, "तुम्हा बायकांना मुलं हाताळता येत नाहीत. मी पहिली घेतो. मोठ्या माणसाने हसत हसत घेतली की मुलांची भीती आपोआप जाते. साधं मानसशास्त्र आहे!"

बाह्या सरसावल्या, खुर्चीवर बसले, मुलांकडे बघून हसले. डॉक्टरांनी सुई टोचली. हे हसतच होते. हसता हसता डोळे वर गेले आणि खुर्चीसकट मागे!

कपाटामागून, टेबलाखालून भराभर डोकी बाहेर आली. पारुल रॅकवरून उतरली आणि पुठ्ठ्याने ह्यांना वारा घालायला लागली. रतनने पाणी शिंपडलं, उकळलेलं! हे शुद्धीवर आले तेव्हा मुलं रांगेत उभी होती. सुईची भीती कुठच्या कुठे पळाली होती. जो टोचून घेईल त्याला काकांजवळ जाऊन वारा घालायची पाळी मिळत होती.

डॉक्टर गंभीरपणे ह्यांना म्हणाले, "तुमचं मानसशास्त्र अगदी बरोबर निघालं."

पुढच्या आठवड्यात दुसरा डोस. मुलं सकाळपासून आंघोळी करून, भांग पाडून फाटकाशी उभी! मी एकटीच आलेली बघून त्यांचे चेहरे पडले. बच्चूने माझा पदर ओढला आणि विचारलं, "मासी, ते पडणारे काका आज नाही आले?"

*

मग आले डोळे! डोळ्यांची ती साथ आठवत असेल तर तुमचेही डोळे चुरचुरतील. अर्धं कलकत्ता लाल डोळ्यांनी फिरत होतं. सीमेपलीकडच्या लढ्याची घोषणाच लोकांनी साथीला नाव म्हणून दिली होती, 'जय बांगला'! एस्प्लनेडच्या फुटपाथवर काळे चष्मे भाजीसारखे विकत होते. ट्राममध्ये सगळे काळ्या चष्म्यात, कंडक्टरही काळ्या चष्म्यात. कोण कुणाकडे बघतोय काही कळायचं नाही. आम्ही तिघीही एकापाठोपाठ एक प्रसाद घेऊन मोकळ्या झालो.

मुलांसाठी डॉक्टरांनी नियम केला, लाल डोळ्यांची मुलं मागच्या खोलीत, बाकीची हॉलमध्ये, मध्ये दार बंद. डोळ्यांत थेंब घातले की झोंबायचं, म्हणून मी आतल्या मुलांना थेंबांवर एकेक लिमलेटची गोळी द्यायचे. ही माझी अक्कल! दुसऱ्या दिवशी हॉलमधली नऊ मुलं डोळे चोळून चोळून लाल करून माझ्यापुढे उभी. "मासी, आम्हालापण आले!" डॉक्टरांनी नऊ जणांना परत पाठवलं आणि मला म्हणाले, "गोळ्या चांगले डोळे असलेल्यांना द्या." दिल्या. तर तिसऱ्या दिवशी मागच्या खोलीतली मुलं डोळे घट्ट मिटून, "आम्ही बरे झालो!" म्हणत भिंती चाचपत बाहेर!

हसून हसून मुरकुंडी वळली. आणि त्याच दिवशी दुपारी बच्चूचे डोळे आले.

आता नियमाप्रमाणे बच्चू आत, पारुल बाहेर. मी बच्चूला न्यायला गेले, तर पारुलने मनगट सोडलं नाही. मालतीबाईंनी समजावलं. वत्सलाबाईंनी समजावलं. शेवटी डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "हे बघ बेटा, या खोलीत फक्त ज्यांचे डोळे आलेत त्यांना जाता येतं. आजार एकाच्या डोळ्यांतून दुसऱ्याच्या डोळ्यांत जातो. कळलं?"

पारुलने नीट ऐकून घेतलं. मान हलवली. मग वाकली, बच्चूच्या चिकट डोळ्यांवर आधी आपला उजवा डोळा टेकवला, मग डावा, आणि सरळ होऊन म्हणाली, "कळलं. आता जाऊ?"

डॉक्टर छत्री टेकत उठले आणि मालतीबाईंना म्हणाले, "दार उघडा. शास्त्र तिला समजलंय, नियम नाही समजला."

*

श्रावण लागला. मुलांना आता बाळसं आलं होतं, मराठी शब्द यायला लागले होते आणि बावीसच्या बावीस शाबूत होती. अशात कचेरीतून सान्यालबाबू आले. काखेत फायली, स्वभावाने गरीब. नातेवाईक न सापडलेल्या मुलांची आता कायमची सोय होणार होती. लांबच्या दोन मोठ्या आश्रमांत. एक मुलींचा, एक मुलग्यांचा. गाडी सोमवारी येणार.

म्हणजे पारुल एकीकडे आणि बच्चू एकीकडे!

मालतीबाई तासभर भांडल्या. आई सापडेल, थोडी मुदत द्या. सान्यालबाबू म्हणाले, "दिदिमणि, दोन महिने झाले. माझ्या हातात काही नाही. तशी वरून सक्त ताकीद आहे. फक्त..." आणि ते छताकडे बघायला लागले. "फक्त साथीचा रोगी असेल तर त्याला पंधरा दिवस हलवता येत नाही, असा नियम आहे." छताकडे बघण्यासारखं काहीच नव्हतं, तरी ते बराच वेळ बघत राहिले.

डोळ्यांची साथ तर कधीच ओसरली होती. मालतीबाई डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, "चाळीस वर्षं प्रॅक्टिस केली. खोटं सर्टिफिकेट एकदाही दिलं नाही. आता देणार नाही."

रविवारी संध्याकाळी मुलांना रात्रीच्या आयांवर सोपवून आम्ही तिघी घरी गेलो.

सोमवारी सकाळी मी पोचले तर फाटकात गाडी उभी आणि सान्यालबाबू हॉलच्या दारात थिजलेले. आत बावीस मुलं ओळीने बसलेली आणि चौरेचाळीस डोळ्यांतून पाण्याच्या धारा! डोळे लालभडक, नाकं गळताहेत, आणि काही पोरं हसू दाबताहेत. सान्यालबाबूंनी लगेच डॉक्टरांना बोलावणं पाठवलं.

डॉक्टर आले. एकेका मुलाचा डोळा खालीवर करून बघितला. मग मान वर करून दोनदा हवा हुंगली.

सान्यालबाबूंनी भीत भीत विचारलं, "जय बांगलाच ना?"

"डोळे लाल आहेत. पाणी येतंय. एवढं मी बघितलं, एवढंच लिहितो," डॉक्टर म्हणाले. "वास लिहायला रकाना नाही."

सान्यालबाबूंनी कागद जवळजवळ ओढूनच घेतला. पंधरा दिवस! गाडी रिकामी परत गेली.

मी स्वयंपाकघराकडे धावले. आमच्या मंडळात वत्सलाबाईंमुळे चातुर्मासात कांदा आत यायची बिशाद नव्हती. आणि आता ओट्यावर कांद्याचा ढीग, खाली सालींचा खच, आणि पाटावर, पुढ्यात विळी घेऊन, रडून रडून डोळे सुजलेल्या स्वतः वत्सलाबाई!

मी बघतच राहिले. त्या नाक ओढत म्हणाल्या, "अशी बघू नकोस. खाल्लेला नाही. नुसता चिरलाय."

*

त्या पंधरा दिवसांत आम्ही पत्रं पाठवली, हॉस्पिटलं पालथी घातली, सियालदह स्टेशनवर उतरणाऱ्या माणसांना विचारत फिरलो. मालतीबाईंनी छावण्याछावण्यांत मुलांची नावं कळवली. काही हाती लागलं नाही. पारुलला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण मुलांपासून काय लपतं? "आई येणार आहे," हे ती आता सकाळी सांगत नव्हती.

काम मात्र चोख करायची. फाटकाशी लाल औषधाच्या पाण्याची बादली ठेवलेली असायची. बाहेरून येणाऱ्याने त्यात हात धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. मगाने पाणी घालायचं काम पारुलचं. तेवढ्यापुरतं बच्चूचं मनगट ती आमच्यापैकी कुणाच्या तरी हातात द्यायची. वत्सलाबाईंकडून तिने दोन शब्द उचलले होते आणि ते त्यांच्याच ठसक्यात म्हणायची, "आधी हात!" डॉक्टर असोत, आमचे हे असोत, सान्यालबाबू असोत, कुणाला सुटका नाही. सान्यालबाबूंना तर तिने नखं दाखवायला लावली होती.

तेरावा दिवस होता. दुपारची वेळ. मी अंगणात बच्चूचं डोकं पुसत होते. फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. हाडांचा सापळा, केस बारीक कापलेले, अंगावर दान मिळालेली जाडीभरडी साडी. हातात घामाने भिजलेली चिठ्ठी. वत्सलाबाईंनी ती घेतली. चिठ्ठी कुठल्याशा छावणीची होती आणि तिच्यावर आमच्या मंडळाचा पत्ता होता.

मूल कुणाच्याही ताब्यात द्यायचं नाही, असा मालतीबाईंचा दंडक होता. आधी दोन जण खोटं सांगून मुलं न्यायला आले होते. म्हणून त्या फॉर्म घेऊन बाहेर आल्या. गाव कुठलं, नवऱ्याचं नाव, मुलांच्या अंगावरच्या खुणा, सगळं विचारायचं होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

बच्चू माझ्यामागे लपला. त्याने ओळखलं नाही. फाटकाचे गज धरून ती बाई नुसती बघत होती, त्याच्याकडे आणि बादलीजवळ बसलेल्या पारुलकडे.

पारुल उठली. वाटलं, आता किंचाळेल, धावेल, गळ्यात पडेल. ती धावली नाही. रडली नाही. तिने फाटकाची कडी काढली, पाण्याचा मग उचलला आणि आमच्या मराठीत, ठसक्यात म्हणाली,

"आधी हात!"

त्या बाईला काय कळणार? ती तशीच उभी. पारुलने तिचे दोन्ही हात धरून खाली ओढले आणि पाणी घातलं. एक मग. तळवे चोळले. दुसरा मग. बोटांच्या बेचक्या. तिसरा. नखं, एकेक. नंतर मनगटं, नंतर कोपरापर्यंत. लाल पाणी अंगणभर वाहत गेलं. ती बाई हात अगदी शहाण्या मुलीसारखे पुढे धरून होती. मालतीबाईंच्या हातातला फॉर्म कोराच होता.

बादली संपत आली तरी पारुलचं चोळणं चालूच.

वत्सलाबाई पुढे झाल्या. "पुरे गं पारुल," त्या म्हणाल्या. "झाले बाळ, हात स्वच्छ झाले."

पारुलने बादली उपडी करून शेवटचं पाणी घातलं. आणि हात न सोडता, मान वर न करता म्हणाली,

"मासी, आणखी एक बादली!"